अर्धा मीटर पश्चिमेला

एक काळे डुक्कर होते. दर उन्हाळ्यात शेजारच्या वाफ्यात शिरून बटाटे उकरायचे. मग एका वर्षी ते शिरेनासे झाले, आणि त्याच वर्षी बाप्तिस्म्याच्या पंगतीत सगळ्यांनी त्याला चवीने माफ केले.

*

नियम असा: ज्या भिंतीला खिडकी आहे ती भिंत हद्दीपासून तीन मीटर लांब असावी. खिडकी नसलेल्या भिंतीला अडीच मीटर पुरतात. भिंतींना कान असतात हे नियम करणाऱ्यांच्या गावी नसावे. त्यांनी फक्त डोळ्यांचा विचार केला आहे.

*

पलंगामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली पाटी. ‘एर्सिराची खानावळ’. अक्षरांखाली एक शिंपला. तो बटाट्यासारखा दिसतो. पण बटाटेही मिळणारच होते, म्हणून रंगाऱ्याला कोणी बोलले नाही.

*

क्लावेल आणि पालोमो या बैलांना दोन शब्द कळतात. ‘चल’ आणि ‘चल’.

*

दोन खिडक्या समोरासमोर. अलीकडच्या खिडकीत एर्सिरा, पलीकडच्या खिडकीत दोमितिला. मध्ये एक कुंपण आणि सफरचंदाच्या झाडांची एक रांग. भट्टीत पाव सारायची लांब दांड्याची फळी दोघींकडेही आहे. कुंपणावर फळीला फळी टेकते. मीठ तिकडे जाते, अंडी इकडे येतात. बातम्यांना फळी लागत नाही.

*

“घर छान आहे,” निरीक्षक उर्सूआ बाई म्हणाल्या, आणि एर्सिराचा नवरा एलादिओ खुर्ची ओढून बसला. ‘घर छान आहे’ म्हणणाऱ्या माणसाच्या घशात एक ‘पण’ तयार असतो, हे त्याला गेल्या खेपेस कळले होते.

गेल्या खेपेस असे ‘पण’ बरेच निघाले होते. चुलीचे धुराडे लाकडी भिंतीला खेटून गेलेले. जिन्याच्या पायऱ्या एकीसारखी दुसरी नाही. एलादिओच्या वडिलांनी त्या रोज एक अशा बांधल्या होत्या आणि रोज प्यायलेली सफरचंदाची चिचा वेगळी होती. घराखालचे लाकडी खुंट तर इतके कुजलेले की बाईंनी त्यात पेन खुपसले आणि ते तिथेच राहिले. घर तीन पिढ्यांचे. ते बांधताना शेजाऱ्यांना विचारले होते, पाद्र्याला विचारले होते, समुद्राच्या वाऱ्याला विचारले होते. नगरपालिकेला विचारायचे राहून गेले होते. ती खाडीपलीकडे होती आणि होडी महाग नव्हती, पण वाट लांब होती.

एर्सिराला खानावळ काढायची नसती तर हे असेच चालले असते. खानावळीला परवाना हवा. परवान्याला घराचा पूर्णत्वाचा दाखला हवा. पाटी तर आधीच रंगवून आली होती. म्हणून एलादिओने सबंध हिवाळा घराखाली आडवे पडून काढला. खुंट बदलले, धुराडे सरकवले, पायऱ्या एकसारख्या केल्या. (सवय नसल्याने त्या एकसारख्या पायऱ्यांवरून तो दोनदा पडला.) आणि आज बाई दुसऱ्यांदा आल्या होत्या.

“छान आहे, पण ही खिडकी,” उर्सूआ बाई म्हणाल्या. त्यांनी टेपचे टोक स्वयंपाकघराच्या भिंतीला लावले आणि दुसरे टोक घेऊन कुंपणापर्यंत चालत गेल्या. “अडीच मीटर. तीन हवेत. अर्धा मीटर कमी पडतोय.”

“अर्ध्या मीटरानं काय होतं?” एर्सिराने विचारले.

“काहीच होत नाही. खिडकी बुजवा. आतून फळ्या मारा, बाहेरून लाकडी कौलं ठोका. बिनखिडकीच्या भिंतीला अडीच मीटर चालतात. पुढच्या होडीनं मी येते नि दाखला इथेच, या टेबलावर लिहून देते.” मग काहीतरी आठवून त्यांनी विचारले, “हद्दीचा एखादा कागद असेल का हो घरात?”

“कागद कशाला, बाई? कुंपण दिसतंय की!” असे कुंपणापलीकडून कोणीतरी म्हणाले.

तो बेलार्मिनो होता, दोमितिलाचा नवरा. बेलार्मिनो दुसऱ्याच्या कामात तोंड घालत नसे. हातही घालत नसे. त्यामुळे तो बोलला याचे सगळ्यांना इतके नवल वाटले की कागदाचा विषय तिथेच राहिला.

एर्सिरा खिडकीसमोर हात पसरून उभी राहिली. “बाई, ही खिडकी नाही. हा माझा रेडिओ आहे. माझी कोमाद्रे, माझ्या मुलीची धर्ममाता, त्या समोरच्या खिडकीत असते. पोर पहिल्यांदा चालली ते मी दोमितिलाला इथून सांगितलं. तिची सासू गेली ते तिनं मला तिथून सांगितलं.”

“आनंदानं सांगितलं!” दोमितिला पलीकडून म्हणाली.

“मी समजू शकते,” उर्सूआ बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरेच समजत होते, “पण नियमात रेडिओचं कलम नाही.”

“मग माझंही ऐका,” एर्सिरा म्हणाली. “एक वेळ घर हलवीन, पण खिडकी बुजवणार नाही!”

पलीकडच्या खिडकीतून पुढे आलेली फळी, चार अंड्यांसकट, हवेत थांबली.

जगात इतर कुठे कोणी असे म्हणाले तर लोक समजतात की बाई रागावली. आमच्या बेटांवर लोक विचारतात, ‘कोणत्या शनिवारी?’

*

“काय बोलून बसलीस तू?” बाई होडीकडे गेल्यावर एलादिओ म्हणाला.

“रागात बोलले.”

“दोमितिलानं ऐकलं.”

“तिनं ऐकलं म्हणून काय झालं?”

बाहेर रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबला आणि ओरडला, “एलादिओ, माझी बैलजोडी धरून चाल हं!”

“हे झालं,” एलादिओ म्हणाला.

मिंगा नाकारता येत नाही. घर हलवायचे असेल तर मालकाने दारोदार जाऊन हात जोडायचे, शेजाऱ्यांनी बैल आणि खांदे घेऊन यायचे, आणि घर जागेवर बसले की मालकाने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे. मजुरीचा शब्दसुद्धा काढायचा नाही. एलादिओ हात जोडायला निघाला तेव्हा लोक दारातच उभे होते. बऱ्याच दिवसांत कोणी घर हलवले नव्हते आणि सगळ्यांना कुरांतोच्या पंगतीची आठवण येत होती.

मिंगेचा पुढारी रुपेर्तो लेविकोय. त्याने टेकडीवरची घरे खाली आणली होती, भरतीच्या पाण्यावर तरंगवत एक घर पलीकडच्या बेटावर नेले होते, आणि एकदा चर्चचा मनोरा ओढताना घंटा वाजू दिली नव्हती. तो अंगणात उभा राहून घराकडे बघत होता.

“कुठं न्यायचंय?”

“तिकडं. पश्चिमेला.”

“खाली धक्क्याजवळ?”

“नाही. अर्धा मीटर.”

रुपेर्तोने टोपी काढली, आत बघितले, परत घातली. “एलादिओ, अर्धा मीटर हे अंतर नव्हे. बैल माशी हाकलतो ना, तो अर्धा मीटर.”

“मग एक मीटर घे.”

“बैलाला मीटर सांगू नकोस बाबा. गाव सांग.”

*

शनिवारी सर्वांत आधी बेलार्मिनो आला. उजाडायच्या आत. मिंगेत तो एरवी कुरांतोचा खड्डा उघडताना उगवायचा, तेव्हा आधी लोकांना वाटले की जेवण सकाळी आहे. पण त्याने क्लावेल आणि पालोमो आणले होते, शिवाय मेव्हण्याकडून मागून आणलेली दुसरी जोडी होती, आणि स्वतःच्या हाताने तो साखळ्यांना चरबी चोळत होता.

“तुला काय झालंय?” एलादिओने विचारले.

“शेजारधर्म,” बेलार्मिनो म्हणाला आणि लाल झाला.

कुरांतोचा खड्डा उताराच्या खालच्या अंगाला, धक्क्याच्या वाटेवर खणला होता. तापलेले दगड, त्यावर शिंपले, डुकराचे मांस, बटाटे, बटाट्याच्या वड्या, वर मोठाली पाने आणि सर्वांत वर गवताची ढेकळे. घरापासून चांगला लांब. घर तिथवर येण्याचा प्रश्नच नव्हता. घराला अर्धाच मीटर जायचे होते.

घराखाली दोन जाड ओंडके सरकवले होते, त्यांच्याखाली गोल वासे. घर खुंटांवरून उचलून त्यावर बसवले होते. घर चारी बाजूंनी सारखे, चौकोनी; पेटीसारखे. आत सामान बांधून ठेवलेले, पण धुराड्यातून धूर येत होता.

“चूल विझवली नाहीस?” एलादिओ ओरडला.

एर्सिराचे डोके खिडकीत आले. “पाव आहेत भट्टीत! पंगतीला काय देऊ, माती? अर्ध्या मीटरात काय होतंय?”

“बाहेर ये!”

“पाव काढते नि येते. तू ओढ!”

समोरच्या खिडकीतून दोमितिला म्हणाली, “कोमाद्रे, मीठ घातलंस का पावात? मागच्या वेळी विसरलीस.”

“मागच्या वेळी तू बडबडत होतीस!”

रुपेर्तोने हात वर केला. चार जोड्या ताणल्या. साखळ्या कुरकुरल्या. घर हलले नाही. परत. घर हलले नाही. तिसऱ्या वेळेला घर हलले नाही, पण एर्सिराच्या फडताळातली एक कपबशी हलली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“माझ्या दोन्ही जोड्या पुढं घ्या,” बेलार्मिनो म्हणाला. “आणि तो समोरचा अडसर काढा.”

“अडसर थांबायला असतो,” रुपेर्तो म्हणाला.

“निघालंच नाही तर थांबेल कशाला?”

यात तर्क होता. अडसर काढला. रुपेर्तोने हात वर केला, सगळे एकदम “चल!” ओरडले, आणि

घर निघाले, आधी तळहाताएवढे, मग हातभर, मग बरोबर अर्धा मीटर, आणि एलादिओ “बास! बास!” म्हणून ओरडला पण बैलांना तो शब्द येत नव्हता, त्यात गवत सकाळच्या पावसाने ओले होते आणि उतार हा उतारच होता, तेव्हा एक मीटर झाला, तीन झाले, आता घर बैलांना ढकलते आहे की बैल घराला ओढताहेत हे सांगणे कठीण झाले, बैल शहाणे म्हणून दोन बाजूंना फुटले आणि घर मधून पुढे गेले, धूर सोडत, आगबोटीसारखे, आणि खिडकीतून एर्सिरा, जिला अजून पत्ता नव्हता कारण ती दोमितिलाकडे बघत होती, म्हणाली “कोमाद्रे, तू का मागे मागे चाललीयस?” आणि दोमितिला म्हणाली “मी नाही, तू!” आणि एर्सिरा म्हणाली “काय?” आणि दोमितिला आणखी मोठ्याने म्हणाली “तू!” आणि एर्सिरा म्हणाली “ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल!” आणि लोक दोन्ही बाजूंनी धावत होते, रुपेर्तो टोपी हातात घेऊन, बेलार्मिनो सर्वांच्या पुढे, आणि डावा ओंडका कुरांतोच्या खड्ड्यात गेला.

घर थांबले.

फळ्यांच्या फटींतून आत वाफ आली. शिंपल्यांची, डुकराच्या मांसाची, ओल्या पानांची.

“पाव करपला नाही,” एर्सिरा खिडकीतून म्हणाली. मग तिने समोर पाहिले. समोर दोमितिला नव्हती. समोर नुसती टेकडी होती, आणि टेकडीवर, मुठीएवढी, दोमितिलाची खिडकी.

*

याच वेळी धक्क्याच्या वाटेने उर्सूआ बाई वर येत होत्या. ठरल्याप्रमाणे त्या बुजवलेली खिडकी बघायला आल्या होत्या. निरीक्षकाने घराकडे जायचे असते; घराने निरीक्षकाकडे यायचे, असा त्यांचा पहिलाच अनुभव. त्या वाटेच्या कडेला उभ्या राहिल्या. हातातल्या कागदावर सर्वांत वर ठळक छापले होते: स्थावर मालमत्ता.

“एलादिओ,” त्या शांतपणे म्हणाल्या, “घर कुठे आहे?”

“हे काय, बाई.”

“हे मला दिसतंय. मी जागा विचारतेय. दाखला जागेवरच्या घराला मिळतो.”

“जागेवर नेतोय. आत्ता नेतो.”

“आत चूल पेटलेली आहे.”

“पाव आहेत.”

“घराखालून वाफ येतेय.”

“जेवण आहे.”

उर्सूआ बाईंनी घड्याळ बघितले. “होडी संध्याकाळी सुटते,” त्या म्हणाल्या. “तोवर घर हद्दीपासून नीट अंतरावर, स्थिर, आणि चूल विझलेली मिळाली तर मी मोजेन. नाहीतर परत पहिल्यापासून अर्ज.” मग वळून त्यांनी हळूच विचारले, “वाफेत लसूण आहे का हो?”

परत पहिल्यापासून अर्ज. एर्सिरा घरातून उतरली. उतरायला आता पायरी नव्हती, एलादिओने तिला उचलून खाली ठेवले. चूल ती स्वतः विझवून आली होती. तिने पदर खोचावा तसा झगा खोचला आणि ती रुपेर्तोसमोर उभी राहिली.

“मामा, माझी पाटी दोन वर्षं पलंगामागे पडून आहे. घर वर न्या. नेल्याशिवाय या खड्ड्यातला एक शिंपला कोणाला मिळणार नाही.”

“तसंही मिळणार नाही,” रुपेर्तो म्हणाला. “घर त्याच्यावर बसलंय.”

बैल घराच्या दुसऱ्या अंगाला जोडले. आता चढ होता. उजवा ओंडका निघाला. डावा खड्ड्यात रुतला होता, तो निघेना. बैल ओढत राहिले. घराला एक पाय जागेवर, एक पाय पुढे, असे झाले की माणूस जे करतो तेच घराने केले. ते वळले. कुलपात किल्ली फिरावी तसे, सावकाश, कुरकुरत, पाव फेरा. मग डावा ओंडका फसक्‌ आवाज करून सुटला आणि घर निमूट चढ चढू लागले.

“सरळ करा! तोंड सरळ करा!” एर्सिरा ओरडत होती.

“आता थांबवलं तर परत खाली जाईल,” रुपेर्तो ओरडला. “तोंड महत्त्वाचं की जागा?”

बैलांना जुनी वाट माहीत होती. ते घर थेट जुन्या जागी, खुंटांपाशी घेऊन आले. आता कोणाच्या अंगात त्राण नव्हते, आणि खड्ड्यातून सुटलेला वास टेकडीभर पसरला होता. अर्धा मीटर पश्चिमेला वगैरे कोणी बोलले नाही. घर होते तिथेच, त्याच खुंटांवर, टेकवले.

उर्सूआ बाईंनी टेप काढला. एक टोक भिंतीला, दुसरे कुंपणाला.

“अडीच मीटर,” त्या म्हणाल्या.

एर्सिरा मटकन खाली बसली.

बाई भिंतीकडे बघत राहिल्या. भिंत सलग होती. वरपासून खालपर्यंत लाकडी कौले. मागची भिंत, जिला कधीच खिडकी नव्हती. स्वयंपाकघराची खिडकी कोपऱ्यापलीकडे गेली होती. तिथून धक्का आणि पूर्ण वाट दिसत होती.

“बिनखिडकीच्या भिंतीला अडीच मीटर चालतात,” उर्सूआ बाई म्हणाल्या. “घर नियमात आहे.”

“म्हणजे?” एलादिओने विचारले.

“म्हणजे टेबल कुठे आहे?”

टेबल आत, पाय वर करून बांधलेले होते. दाखला त्यांनी क्लावेलच्या पाठीवर कागद ठेवून लिहिला. एका ओळीतल्या ‘दिशा’ या शब्दापाशी त्या अडखळल्या आणि तिथे फक्त ‘सध्या’ असे लिहिले.

*

कुरांतो उत्तम झाला. इतके जड झाकण आजवर कोणत्याच खड्ड्याला मिळाले नव्हते. शिंपले थोडे चपटे होते. उर्सूआ बाईंनी दोनदा घेतले आणि होडी थांबवून ठेवली.

एकटी दोमितिला जेवत नव्हती. ताट मांडीवर घेऊन ती त्या कौलांच्या भिंतीकडे बघत बसली होती.

“तुझ्या घरानं माझ्याकडं पाठ केली, कोमाद्रे,” ती म्हणाली.

“मी नाही फिरवलं. बैलांनी फिरवलं.”

“बैल माझ्या नवऱ्याचे. तो तर सकाळपासून वेड्यासारखा ओढतोय. आयुष्यात कधी मी सांगितलेलं लाकूड फोडलं नाही त्यानं.”

बेलार्मिनो लांब जाऊन बसला आणि शिंपल्यांच्या कवचांचा ढीग नीट रचू लागला.

“आता मीठ कसं मागू?” दोमितिला म्हणाली. “भिंतीला?”

एर्सिराने आपल्या ताटातला मांसाचा मोठा तुकडा उचलून तिच्या ताटात ठेवला. “चालत ये की. पाय आहेत ना तुला? तीस वर्षं तुझं फक्त वरचं अर्धं अंग बघतेय मी. तू बुटकी आहेस हे मला तुझ्या मुलाच्या लग्नात कळलं.”

दोमितिला रडायच्या बेतात होती, ती हसली.

खानावळ पुढच्या महिन्यात उघडली. धक्क्यावर उतरणाऱ्या माणसाला पहिली दिसते ती एर्सिराची खिडकी, आणि खिडकीवरची पाटी. होडीवाले खालूनच ओरडून सांगतात, आणि वर येईपर्यंत ताट वाढलेले असते. खिडकी जुन्या जागी असती तर गिऱ्हाइकांना घर शोधत कुंपणापर्यंत जावे लागले असते, असे एलादिओ सगळ्यांना सांगतो, जणू त्यानेच हे योजले होते. दोमितिला रोज सकाळी कुंपणाला वळसा घालून चालत येते आणि चुलीजवळच्या खुर्चीत बसते. त्या खुर्चीत दुसऱ्या कोणाला बसू देत नाहीत. आता त्या दोघी हळू आवाजात बोलतात, त्यामुळे बेटावर बातम्या कमी झाल्याची तक्रार आहे.

उर्सूआ बाई अधूनमधून येतात. कागदोपत्री तपासणीला. लसूण घातलेला असेल त्या दिवशी.

ते कुंपण हद्दीचे नव्हते. बेलार्मिनोने ते एर्सिराच्या काळ्या डुकरासाठी घातले होते. हद्द कुंपणापलीकडच्या सफरचंदाच्या झाडांवरून जाते, दोमितिलाच्या खिडकीपासून हातभर अंतरावरून.